नववीच्या मुलांना होलोकॉस्ट सांगायचा असेल तर

पहिल्या तासाला फळ्यावर 60 लाख हा आकडा लिहू नका. आमच्या भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली मुलं जन्मापासून लाखांचेच हिशेब ऐकतात. केळीचे, कर्जाचे, क्लासच्या फीचे. माणसांचे लाख त्यात मिसळून जातात. होलोकॉस्टमध्ये हिटलरच्या नाझी राजवटीकडून साठ लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत सुमारे 15 लाख मुलं होती, हे सांगायचंच आहे, पण तिसऱ्या तासाला. तोवर त्यांतली पाच-सहा मुलं वर्गाच्या ओळखीची झालेली असली पाहिजेत.

मी भुसावळात इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे आणि रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवी ते दहावीची मुलं जमवते. आजूबाजूच्या तालुक्यांतले सर लोक फोन करून विचारतात, "ताई, हा विषय तुम्ही घेता तरी कसा?" फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे. चार तासिका धरा. दोनांत उरकायचा असेल तर घेऊच नका. अर्धवट सांगितलेला होलोकॉस्ट मुलांच्या डोक्यात फक्त भुताच्या गोष्टीसारखा राहतो.

युरोपचा भिंतीवरचा नकाशा मिळवा. बर्लिन, वॉर्सा, विल्ना (आताचं विल्नियस), प्राग, ब्रुसेल्स, पॅरिस ही गावं मुलांना स्वतः शोधू द्या. बहुतेकांना वाटतं की हे सगळं जर्मनीत घडलं. 1933 साली जर्मनीत ज्यू होते पाच लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकही नाही. पोलंडमध्ये युद्धाआधी होते 33 लाख. ट्रेब्लिंका, सोबिबोर, आउशवित्झ या मारून टाकण्याच्या छावण्याही ताब्यातल्या पोलंडमध्ये होत्या. हे नकाशावर बोट ठेवूनच कळतं.

मग मुलांना एका कागदावर गेल्या आठवड्यात आपण काय काय केलं ते लिहायला सांगा. शाळा, सायकल, पिक्चर, वाचनालय, घरचा कुत्रा, मोबाइलवर गाणी, जे असेल ते. आणि तुम्ही एकेक बंदी वाचा. 12 नोव्हेंबर 1938, ज्यूंना थिएटर आणि सिनेमा बंद. 15 नोव्हेंबर 1938, ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद. सप्टेंबर 1939, रेडिओ जमा करा. सप्टेंबर 1941, सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने कपड्यावर पिवळा तारा लावायचा. 1942, घरात कुत्रा-मांजर पाळायचं नाही. ही सगळी जर्मनीतली यादी आहे. मुलं आपापल्या कागदावर रेघ मारत जातात. कुत्र्यापाशी आलं की एखादी पोरगी हमखास विचारते, "मग त्या कुत्र्याचं काय केलं?" विचारू द्या. कायदा म्हणजे काय, हे तिला त्या प्रश्नातून समजू लागलेलं असतं.

रेघा मारून झाल्या की तिथेच थांबा. याच्या पुढे मुलांना 'ज्यू' आणि 'नाझी' करून खेळवू नका. एका शाळेत मी मुलांना बाकांमध्ये दाटीने कोंबून "आता तुम्ही मालगाडीच्या डब्यात आहात" असं सांगताना पाहिलं आहे. पोरं हसत होती, एकमेकांना चिमटे काढत होती. दुसरं काय करणार? शाळा सुटल्यावर घरी जाऊन वरणभात मिळणार हे ज्याला माहीत आहे त्याला तो डबा कळूच शकत नाही, आणि कळला असं त्याला वाटणं तर आणखी वाईट.

गोष्टींसाठी बहुतेक तेरा ते अठरा वयाचीच मुलं का घ्यायची, हे दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला सांगा. आउशवित्झच्या फलाटावर गाडी रिकामी झाली की तिथल्या तिथे माणसांची निवड व्हायची. कामाला येतील ते एका बाजूला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि लहान मुलं दुसऱ्या बाजूला, थेट विषारी वायूच्या खोल्यांकडे. मुलांच्या बाबतीत ती सीमारेषा साधारण चौदा-पंधराच्या आसपास पडायची, आणि तीही समोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर. 1944 च्या मे महिन्यात एली वीझेल तिथे उतरला तेव्हा तो पंधराचा होता. एका कैद्याने त्याला घाईघाईत बजावलं, अठरा सांग. त्याने अठरा सांगितलं. पुढे त्याला शांततेचं नोबेल मिळालं, पण ते वर्गात आत्ता सांगू नका, नाहीतर मुलांचं लक्ष नोबेलवरच जातं.

म्हणजे या वयाचं मूल उंचीने, आवाजाने, अंगकाठीने कधी मोठ्यांत खपायचं, कधी लहानांत. घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती. वॉर्सा घेट्टोच्या तीन मीटर उंच भिंतीतल्या भोकांतून आणि गटारांच्या तोंडांतून बाहेर जाऊन बटाटे-पाव आणणारी बहुतेक मुलंच होती, कारण मोठं माणूस त्या भोकात मावत नव्हतं.

मुलगा आणि मुलगी यांतला फरकही सांगावा लागतो. ज्यू मुलांची सुंता झालेली असायची. नाव बदललं, भाषा सफाईदार बोलली, गळ्यात क्रॉस घातला, तरी शंका आली की मुलाला विजार उतरवायला लावायचे. मुलीच्या अंगावर असा पुरावा नव्हता. म्हणून एका घेट्टोतून दुसऱ्या घेट्टोत निरोप, पैसे, हत्यारं पोचवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर तरुण पोरींनी केलं. हे सांगताना चाचरू नका. तुम्ही खाली बघून बोललात की पोरं खुसखुसतात, सरळ बोललात की ऐकतात. माझ्या खोलीत मुस्लिम मुलंही असतात, त्यांना तर हा मुद्दा इतरांच्या आधी कळतो.

इथे रेनिया कुकिएल्काची गोष्ट सांगा. 1924 चा जन्म, पोलंडमधल्या येन्जेयुव्ह गावचा. अठरा-एकोणीसच्या वयात ती कॅथलिक पोलिश मुलीच्या खोट्या कागदांवर बेन्जिन ते वॉर्सा रेल्वेने ये-जा करायची. बेन्जिनच्या तरुणांच्या गुप्त गटासाठी पैसे, कागदपत्रं, हत्यारं आणायची. तपासनीस डब्यात शिरला की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, एवढी एकच तिची ढाल. शेवटी पकडली गेली, गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, मार खाल्ला, मैत्रिणींच्या मदतीने तुरुंगातून पळाली आणि 1944 मध्ये स्लोव्हाकिया, हंगेरी, तुर्कस्तान करत पॅलेस्टाइनला पोचली. कॉलेजसाठी रोज पॅसेंजरने अप-डाऊन करणाऱ्या आमच्या पोरींना ही गोष्ट मुलांपेक्षा जास्त भिडते.

आता माझी सगळ्यात आवडती तासिका. रेल्वेच्या गावात राहत असाल तर तुम्हालाही आवडेल. माझे वडील गार्ड होते, म्हणून असेल.

19 एप्रिल 1943. बेल्जियममधल्या मेखेलन गावातून रात्री एक गाडी आउशवित्झकडे निघाली. बेल्जियमहून निघालेली ही विसावी गाडी, आत 1,631 माणसं. यूरा लिव्हशित्झ, रोबेर मेस्त्रियो आणि झाँ फ्रँकलमाँ हे शाळेपासूनचे तीन मित्र सायकलींवरून रुळांपाशी गेले. सोबत एक पिस्तूल, पकडी आणि एक कंदील. कंदिलाला त्यांनी लाल कागद गुंडाळला आणि तो रुळावर ठेवला.

इथे गोष्ट थांबवा. भुसावळच्या पोरांना विचारा, ड्रायव्हरने काय केलं असेल? पूर्ण खोली एका सुरात ओरडते, "गाडी उभी केली!" लाल दिवा दिसला की गाडी उभी राहते, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. नाझींची यंत्रणा लाल कागदाच्या एका तुकड्याला फसली याचा त्यांना जो आनंद होतो तो होऊ द्या.

मेस्त्रियोने एक डबा उघडला, त्यातून सतरा जण बाहेर पडले. पण इतर डब्यांतल्या माणसांनीही आतून दारं उचकटायला घेतली होती. जर्मन हद्दीपर्यंत त्या गाडीतून सव्वादोनशेहून जास्त लोकांनी उड्या मारल्या. काही गोळ्यांनी मेले, बरेच पुन्हा पकडले गेले, सुमारे 120 जण निसटले. त्यांत सिमॉन ग्रोनोव्स्की होता, अकरा वर्षांचा. आपल्याकडे पाचवी-सहावीत असतो तेवढा. आईने त्याला दारापाशी धरून पायरीवर उतरवलं, गाडीचा वेग कमी होईपर्यंत धरून ठेवलं आणि सोडलं. गार्डांच्या गोळ्या सुरू झाल्या. आईला उतरता आलं नाही. सिमॉन रात्रभर रानातून चालला, सकाळी एका अनोळखी घराचं दार वाजवलं. त्या बाईने त्याला गावच्या पोलिसाकडे नेलं. यान आर्त्स त्याचं नाव. त्याने सगळं ओळखलं, आणि पोराला पकडून द्यायच्या ऐवजी ब्रुसेल्सच्या गाडीत बसवून दिलं. आई आउशवित्झमध्ये मारली गेली. अठरा वर्षांची बहीण इता काही महिन्यांनी दुसऱ्या गाडीने गेली, तीही परतली नाही. सिमॉन वकील झाला आणि जॅझ पियानो वाजवायला शिकला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो ब्रुसेल्समध्ये खिडकीत बसून शेजाऱ्यांसाठी पियानो वाजवत होता.

पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. त्या आधी तिकिटाचं सांगा. या गाड्यांचं भाडं लागायचं. जर्मन रेल्वे एस.एस. कडून (छावण्या चालवणारं नाझींचं सशस्त्र दल) माणशी, किलोमीटरमागे चार फेनिग (जर्मन पैसे) असं तिसऱ्या वर्गाचं भाडं घ्यायची. दहा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालची फुकट. चारशेहून जास्त माणसं असली की सवलत. जाताना माणशी एकेरी तिकीट आणि पहाऱ्यावरच्या शिपायांचं मात्र परतीचं. त्यावर एखादा पोऱ्या विचारतोच, "मॅडम, मंग ड्रायव्हरला, स्टेशनमास्तरला माहीत नव्हतं का?" याला गोलमाल उत्तर देऊ नका. या गाड्या वेळापत्रकात 'विशेष' म्हणून बसवलेल्या असत, त्यासाठी कागद फिरत, सह्या होत. हजारो रेल्वेवाल्यांनी आपापली ड्युटी केली. आमच्या खोलीतली अर्धी मुलं रेल्वे क्वार्टरमधली. त्या रविवारी त्यांनी घरी जाऊन बापाला काय विचारलं असेल ते मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी येताना दोन वडील पोरांबरोबर आले आणि मागे उभे राहून ऐकत राहिले.

दुसरी हमखास चालणारी गोष्ट विज्ञानाच्या मुलांसाठी. अडोल्फो कामिन्स्की. 1925 चा जन्म, आई-बाप रशियन ज्यू, घर फ्रान्समध्ये. शाळा सुटली आणि हा रंगाऱ्याकडे कामाला लागला. कपड्यांवरचे डाग, रंग, कुठला रंग कशाने जातो, याचं वेड लागलं. डेअरीतही काम केलं, तिथे दुधातल्या लॅक्टिक आम्लाने निळा रंग उडतो हे पाहिलं. 1943 मध्ये त्याला कुटुंबासह पॅरिसजवळच्या ड्रान्सी छावणीत टाकलं. अर्जेंटिनाचं नागरिकत्व होतं म्हणून सुटका झाली. पॅरिसमधल्या गुप्त गटाने त्याला अडलेली गोष्ट सांगितली, ओळखपत्रांवरची वॉटरमन पेनाची निळी शाई काही केल्या निघत नाही. त्याने सांगितलं, लॅक्टिक आम्ल वापरा. निघाली. अठरा वर्षांचा हा मुलगा मग कागदपत्रांची प्रयोगशाळाच चालवू लागला. 'ज्यू' हा शिक्का पुसायचा, अब्राहम किंवा इसाक असं नाव काढून तिथे अस्सल फ्रेंच नाव घालायचं. एकदा 300 मुलांसाठी तीन दिवसांत 900 कागद हवे होते. त्याने हिशेब मांडला होता की तासाला तीस कागद होतात, म्हणजे एक तास झोपलो तर तीस जण मरतील. तो झोपला नाही. त्याच्या कागदांमुळे सुमारे 14,000 लोक वाचले असं मानतात. 2023 च्या जानेवारीत तो पॅरिसमध्ये वारला.

यावर एक मुलगा म्हणाला होता, "म्हणजे मॅडम, बनावट आधार कार्ड?" हो, तेच. वर्गाला त्यावर भांडू द्या. कायदा मोडणं कधी बरोबर, हा प्रश्न पंधराव्या वर्षी पडायला हवा.

जळगावकडच्या शाळांना मी तिसरी गोष्ट सुचवते, कारण तिथे वर्गात सराफांची, कारागिरांची मुलं असतात. स्तानिस्लाव्ह श्मायझ्नर हा पंधरा वर्षांचा मुलगा, सोनारकाम शिकलेला. मे 1942 मध्ये सोबिबोरला उतरला आणि आपल्याला दागिने घडवता येतात हे त्याने एस.एस. वाल्यांना दाखवलं. त्यांना अंगठ्या, मोनोग्रॅम हवे होते, म्हणून तो जिवंत राहिला. आई-वडील त्याच दिवशी गेले, हे त्याला नंतर छावणीच्या दुसऱ्या भागातून आलेल्या चिठ्ठीतून समजलं. घडवायला दिलेलं सोनं कुठून येतं, तेही कळलं. एवढंच सांगा आणि पुढे जा, मुलं अर्थ लावतात. 14 ऑक्टोबर 1943 रोजी सोबिबोरच्या कैद्यांनी उठाव केला. सुमारे 600 पैकी 300 जण कुंपणाबाहेर पडले आणि त्यांतले पन्नासेकच युद्धाचा शेवट बघायला उरले. श्मायझ्नर त्यांत होता, तोमाश ब्लाट नावाचा सोळा वर्षांचा मुलगाही. पस्तीस वर्षांनी, 1978 मध्ये, ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या पोलीस ठाण्यात एक म्हातारा 'मी तो नव्हेच' म्हणत बसला होता. श्मायझ्नरने समोर जाऊन त्याला त्याच्या छावणीतल्या नावाने हाक मारली. तो सोबिबोरचा अधिकारी गुस्टाव्ह वाग्नर होता.

हे सगळं ऐकून मुलांच्या मनात एक चुकीची समजूत घट्ट होऊ लागते, आणि ती काढणं हेच या चार तासांतलं खरं काम आहे. मुलांना वाटतं, जे हुशार आणि धाडसी होते ते वाचले. म्हणजे मेले ते कमी पडले. शब्दांत कोणी बोलत नाही, पण वहीत उमटतं. म्हणून प्रत्येक गोष्टीनंतर एकच प्रश्न विचारायची सवय लावा: यात त्याच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं? सिमॉनचा बाप त्या वेळी इस्पितळात होता म्हणून अटकेतून सुटला. पोलीस चांगला निघाला. कामिन्स्कीकडे अर्जेंटिनाचा कागद होता. श्मायझ्नरच्या शेजारी उभा असलेला, तेवढाच हुशार पण शिंप्याकडे नुकताच लागलेला पोरगा कुठे गेला? 'तू तिथे असतास तर काय केलं असतंस' हा प्रश्न मात्र कधीही विचारू नका. त्याला खरं उत्तर नसतं आणि वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा बंदूक घेऊन हिटलरला मारून येतो.

म्हणून जी जगली नाहीत ती मुलं यानंतर घ्यायची. विल्ना घेट्टोतला यित्सखोक रुदाशेव्स्की, जर्मन आले तेव्हा तेरा वर्षांचा. तो डायरी लिहायचा. घेट्टोत वाचनालय होतं आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथे एक लाखावं पुस्तक दिलं गेलं म्हणून समारंभ झाला. उपासमार, कधीही उचलून नेतील अशी भीती, आणि लोक पुस्तक बदलायला रांगेत. त्याने त्या समारंभाची नोंद केली आहे. मुलांचं मंडळ होतं, त्यात हा घेट्टोतल्या लोकांची गाणी, म्हणी, विनोद गोळा करायचा. 1943 च्या शरदात घेट्टो रिकामा केला तेव्हा घरच्यांसोबत लपला, सापडला, आणि शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात मारला गेला, पंधराव्या वर्षी. चुलत बहीण निसटून जंगलातल्या बंडखोरांना मिळाली होती. युद्धानंतर ती लपायच्या जागी परत गेली तेव्हा डायरी तिथेच होती.

तिथून टेरेझिनला जा. प्रागजवळच्या या घेट्टोत मुलांच्या एका खोलीने 'वेदेम' नावाचं साप्ताहिक काढलं. एकच प्रत, दर शुक्रवारी मोठ्याने वाचायची. दोन वर्षं चाललं, आठशेच्या आसपास पानं झाली. संपादक पेत्र गिन्झ, चौदाचा. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, हे खानदेशातल्या बहुतेक मुलांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे त्यांना 'एकच प्रत' ही कल्पना लगेच पटते. त्या खोलीतून गेलेल्या शंभरेक मुलांपैकी पंधराच्या आसपास वाचली. त्यांतल्या एकाने पानं डब्यात घालून पुरून ठेवली होती, तीच आज आहेत. पेत्रला सप्टेंबर 1944 मध्ये आउशवित्झला नेलं. त्याने एक चित्र काढलं होतं, चंद्रावरून पृथ्वी कशी दिसत असेल त्याचं. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराने त्याची प्रत सोबत नेली होती, 'कोलंबिया' यानात. त्याच यानात कल्पना चावला होती. 1 फेब्रुवारी 2003 ला यान कोसळलं, आणि तो पेत्रचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. हे ऐकून वर्ग गप्प होतो. त्या शांततेत तुम्ही काही बोलू नका, आणि मग साठ लाखांचा आकडा लिहा.

शिरीषकुमार येणारच. तुम्ही नाही आणला तर मुलं आणतील. 9 सप्टेंबर 1942, नंदुरबार, पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन गोळी खातो, त्याच्यासोबत आणखी चौघे. त्याच आठवड्यांत वॉर्सा घेट्टोतून लोकांना ट्रेब्लिंकाला पाठवणं चालू होतं. 22 जुलैपासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं. तारखा शेजारी लिहा, पण तुलना जपून. "मग ते ज्यू लढले का नाहीत आपल्या शिरीषकुमारसारखे?" हा प्रश्न आला की आधी सांगा की लढले. 19 एप्रिल 1943 ला, सिमॉनची गाडी सुटली त्याच दिवशी, वॉर्सा घेट्टोत सशस्त्र उठाव सुरू झाला आणि जवळजवळ महिनाभर चालला. मग विल्नाच्या वित्तेनबर्गचं सांगा. गुप्त संघटनेचा हा प्रमुख आमच्या हवाली करा, नाहीतर सगळा घेट्टो संपवू, असं गेस्टापोने जुलै 1943 मध्ये बजावलं. घेट्टोतली माणसंच त्याला म्हणाली, जा. तो गेला. एकाच्या लढण्याची किंमत आई, धाकटी भावंडं, सगळी आळी मोजते, तिथे धाडसाचं माप वेगळं लागतं. आणि नंदुरबारला शिरीषकुमारचं नाव चौकात आहे. बेलारूसच्या मिन्स्कमध्ये माशा ब्रुस्किना या सतरा वर्षांच्या ज्यू मुलीला 26 ऑक्टोबर 1941 ला फाशी दिलं, जखमी सैनिकांना पळायला मदत केली म्हणून. तिचा फोटो जगभर छापला गेला, पण कित्येक दशकं 'अनोळखी मुलगी' म्हणून. तिथल्या स्मारकाच्या फलकावर तिचं नाव यायला 2009 उजाडलं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: "पण हिटलर लीडर म्हणून भारीच होता ना, मॅडम?" स्टेशनच्या स्टॉलवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, मोटिव्हेशनच्या पुस्तकांशेजारी. विचारणाऱ्यावर डाफरू नका. 'शिस्त' म्हणजे काय ते त्यालाच सांगू द्या, मग विचारा की ती शिस्त कोणासाठी. मग सांगा की 1944 च्या शेवटी सोळा वर्षांच्या जर्मन पोरांनाही त्याने बंदुका देऊन रणगाड्यांपुढे उभं केलं, आणि आपण तळघरात गेला. आपल्याच वयाची ती मुलं पाहिली की 'भारी' हा शब्द बऱ्याचदा आपोआप मागे पडतो. प्रत्येक वेळी नाही. स्वस्तिकाचा प्रश्नही येतो. आपल्या दारातल्या रांगोळीचा त्या राजवटीशी संबंध नाही, एवढं सांगून पुढे जायचं, त्यात तास घालवायचा नाही.

ज्यूंना शाळा बंद, सिनेमा बंद, हे ऐकलं की काही मुलं आपल्या आजोबांच्या वेगळ्या बाकाच्या, वेगळ्या पाण्याच्या आठवणी काढतात. त्यांना बोलू द्या, घाईने 'ते वेगळं' म्हणून गप्प करू नका. ऐकून झाल्यावर फरक सांगा: नाझींनी एका समाजातला शेवटचा माणूसही, पाळण्यातलं बाळही, शोधून मारायची योजना केली होती. फरक सांगण्याने आजोबांचं दुःख लहान होत नाही, हेही म्हणा.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे आणि जामनगरच्या बालाचडीतल्या पोलिश मुलांची पोस्ट व्हॉट्सअॅपवर फिरते, 'भारताने हिटलरपासून ज्यू मुलं वाचवली' म्हणून. मुलांना इथे आसरा मिळाला ही गोष्ट खरी आणि सुंदर आहे, पण ती मुलं बहुतेक कॅथलिक होती आणि सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या कुटुंबांतली. ज्यू त्यांत थोडेच. या धड्यात ती मिसळू नका. भारताशी धागा हवाच असेल तर 18 जुलै 1942 चा घ्या. वॉर्सा घेट्टोत यानुष कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी टागोरांचं 'डाकघर' केलं. तीन आठवड्यांच्या आत कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलं ट्रेब्लिंकाला पाठवली गेली.

प्रेतांच्या ढिगांचे फोटो दाखवू नका. त्या माणसांनी ते फोटो काढून घेतलेले नाहीत. लग्नातले, शाळेच्या गटाचे, सायकलीवरचे फोटो दाखवा.

चौथ्या तासाला लिहायला द्या, पण 'मी एक ज्यू मुलगा, माझी डायरी' असलं काही नको. मुलांनी आपल्याच गल्लीचं हस्तलिखित काढावं, एकच प्रत. कोण राहतं, कोण निघून गेलं, कुठली भाषा ऐकू येते, आजी कोणती गाणी म्हणते. अहिराणी, लेवा बोली, उर्दू, पावरी, ज्याची जी असेल ती तशीच लिहू द्या, शुद्ध करत बसू नका. आमच्याकडे एका मुलीने क्वार्टरमधल्या सगळ्या कुत्र्यांची नावं लिहून आणली होती. मी ती पहिल्या पानावर लावली.

वेळेचं म्हणाल तर 27 जानेवारी हा जागतिक स्मृतिदिन, 1945 साली त्या दिवशी आउशवित्झची सुटका झाली. पण आदल्या दिवशी झेंडावंदन, कवायत, जिलबी, मुलं पेंगत असतात. एप्रिलमध्ये परीक्षा आणि भुसावळचं ऊन. माझ्या अनुभवात सप्टेंबरचा दुसरा आठवडा बरा, नंदुरबारचा दिवस नुकताच झालेला असतो. दहावीच्या मुलांना घ्यायचं असेल तर दिवाळीच्या आधीच घ्या, नंतर प्रिलिम लागतात आणि कोणी फिरकत नाही.